‘हो’ दाबण्याआधी

घाटात ट्रक उलटला आणि वनिता ढोणेंची एसटी अडकून पडली. मंगळावरच्या हरितगृहाच्या झडपा त्या साताऱ्याच्या ऑफिसमधून चालवत, आणि हरितगृहापाशी अर्ध्या तासात धुळीचं वादळ पोचणार होतं. कोणती झडप कधी लावायची, हे त्यांनाच ठाऊक होतं.

त्यांनी मोबाइल काढला, हरितगृहाच्या कॉम्प्युटरला जोडून घेण्याची विनंती पाठवली आणि तिच्या पाठोपाठ अठरा झडपांचा क्रमही धाडून दिला.

“परवानगी यायच्या आधीच?” शेजारच्या बाईंनी विचारलं.

“निरोप जायला बारा मिनिटं, यायला बारा. वाट बघत बसले तर पिकं गेलीच म्हणून समजा. तिथे नौशीन आहे, ती ‘हो’ दाबेल.”

“आणि तिचं लक्ष नसलं तर?”

“वादळाच्या दिवशी? माझ्या हाताखाली शिकलीय ती.”

तरी त्यांची नजर मोबाइलवरून हलली नाही. चोविसाव्या मिनिटाला पडदा उजळला. अठराही झडपा बंद होत्या. खाली नौशीनने लिहिलं होतं, “काकू, तुम्ही कुठूनही याल, हे माहीत होतं. मघापासून बटणावर बोट ठेवून बसले होते.”

वनिताबाईंनी तो निरोप शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवला.