पाचच्या आत

"आणि गंमत म्हणजे, एवढं अवाढव्य जहाज, पण पहिल्याच फेरीत बंदरातच बुडालं," अंबरीष फोनवर सांगत होता. "आता अख्खं म्युझियममध्ये उभं केलंय. तोफांच्या झडपांवर सिंहाची तोंडं कोरलीयत."

"हो का?" वृंदा म्हणाली.

"आईंना सांग. त्यांना आवडेल."

"सांगते. आत्ता जरा आडवी झालीय ती."

वृंदाची आई पुण्यात होती हे खरं. वृंदा नव्हती. ती जपानात, एदोगावातल्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, उघड्या खिडकीजवळ बसली होती. तिचं नि अंबरीषचं घर तिथून सायकलच्या अंतरावर.

अंबरीषचं ट्रेनिंग स्टॉकहोमला ठरलं आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन निघालं. कळलं असतं तर हा पठ्ठ्या गेलाच नसता. ट्रेनिंग बुडालं असतं तर कॉन्ट्रॅक्ट वाढलं नसतं, मग विमा कुठला न् उपचार कुठले? तेव्हा तिनं सरळ थाप मारली, माहेरी चाललेय म्हणून.

तो निघायच्या आदल्याच दिवशी ती बॅग ओढत निघाली. त्याची बॅग अजून माळ्यावरच. शेवटच्या क्षणी भरायची सवय, दुसरं काय! "एअरपोर्टवर नको येऊस," ती म्हणाली, तर तोही लगेच "बरं" म्हणाला. तिला हायसं वाटलं होतं.

भीती एकाच गोष्टीची होती. संध्याकाळी पाचला इथे खांबांवरच्या लाउडस्पीकरवर एक संथ धून वाजते, मुलांनो आता घरी चला, अशी. ती धून पुण्यात कुठून वाजणार? म्हणून पाचच्या आत ती काहीतरी कारण काढून फोन ठेवायची. तोही कधी "थांब गं जरा" म्हणायचा नाही. म्युझियम उघडलं, म्हणायचा. बायकोपेक्षा म्युझियम प्यारं! पण सोयीचंच होतं ते.

आज मात्र तिला फोन ठेववेना. सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट सांगितला होता. गाठ साधी नव्हती. ती मान हलवत "हाय, हाय", म्हणजे "हो, हो", करत राहिली, जपानी माणसांसारखी. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. जेवणाचा ट्रे आला, तिनं भात खाल्ला. चव कसलीच नव्हती.

"फोटो पाठव ना एखादा," ती म्हणाली.

"अगं, फोटो काढत बसलो तर बघणार कधी?"

फोनमध्ये कावळा ओरडला. चांगला घसा खरवडून.

"तिथेही कावळे आहेत?"

"माझ्याकडे कुठले? तुमच्या पुण्यातलाच असेल."

तिच्या खिडकीत तर कावळा नव्हता. पण वाद कोण घालणार?

"अजून सांग," ती म्हणाली. "ते जहाज बुडालं कसं?"

"वरून जड झालं होतं. आधीच माहीत होतं म्हणे काही जणांना. पण सांगायची हिंमत झाली नाही कुणाची."

"असं कसं? कुणी तरी सांगायला हवं होतं."

"हो गं. हवं होतं. वृंदा, बोल ना काहीतरी. पुण्यात काय चाललंय?"

सांगून टाकावं का? तिनं तोंड उघडलं, आणि बाहेर लाउडस्पीकर खरखरला.

पाच वाजले! बोलण्याच्या नादात तिचं लक्षच राहिलं नव्हतं.

धून सुरू झाली. तिनं घाईघाईनं म्यूट दाबलं, फोन कानाशी तसाच धरून दुसऱ्या हातानं खिडकी ओढली आणि कडी लावली.

"ठेवतो हं," अंबरीष गडबडीनं म्हणाला, "इथे म्युझियम उघडलं..."

खिडकीबाहेरचं ऐकू यायचं थांबलं. पण फोनमध्ये, त्याच्या बाजूनं, तीच धून वाजतच होती.