दुसरी लाइन

गवंड्याच्या डोक्याचं स्कॅन निघालं होतं. ते पाहणारा डॉक्टर दुसऱ्या शहरात बसला होता, आणि इंटरनेट नेमकं आत्ता गेलं होतं.

"दुसरी लाइन लाव," ताई म्हणाली. स्कॅन सेंटर दोघा भावंडांचं होतं. मशीन ती चालवायची, खरेदी धाकटा भाऊ करायचा.

"लावून पाहिली. तीही बंद आहे."

"वेगळ्या कंपनीची आहे ना? एक गेली तर दुसरी राहील, म्हणून दुप्पट भरतोय ना आपण?"

भाऊ बाहेर, रस्त्यावर बघायला गेला.

खुर्चीत तिसऱ्या कंपनीचा विक्रेता माहितीपत्रकं घेऊन सकाळपासून बसला होता. त्याला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता. "म्हणूनच म्हणतो मॅडम, खास बिझनेस लाइन घ्या. राउटर फुकट, जोडणी फुकट, फक्त दोन वर्षांचा करार. बंद पडली तर चार तासांत आमचा माणूस दारात."

"चार तास," ताई म्हणाली आणि आतल्या खोलीकडे पाहिलं.

गवंडी परांचीवरून पडला होता. आणला तेव्हा बोलत होता, आता मुलीने हाक मारली तर नुसता हुंकार द्यायचा. मोठं हॉस्पिटल घाटापलीकडे होतं. त्याला तिकडे न्यायचं की जागचं हलवायचंच नाही, हे स्कॅन पाहून तो डॉक्टर सांगणार होता.

भाऊ परत आला. "कोपऱ्यावर जेसीबीने केबल तोडलीय. दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच पाइपातून येतात."

"घेताना विचारलं नाहीस?"

"स्पीड विचारला. दर विचारला, वर घासाघीस केली. वायर कुठल्या रस्त्याने येते हे कोण विचारतं, ताई?"

"बरं. मोबाइलवरून पाठव."

भावाने चष्मा काढून पुसायला घेतला. कनेक्शनबरोबर सिमकार्डं फुकट मिळाली होती, म्हणून त्याने सगळ्यांची जुनी बंद करून टाकली होती. "त्यांच्या टॉवरलाही तीच केबल जाते."

"वा. एकाच खुंटीला सगळं टांगलंस."

ती विक्रेत्याकडे वळली. "तुमची वायर कुठून येते?"

"टेक्निकलवाल्यांना विचारून लगेच सांगतो." त्याने फोन काढला. स्क्रीनकडे पाहिलं, फोन थोडा वर धरून पुन्हा पाहिलं आणि खिशात ठेवला.

"काय झालं?"

"रेंज नाही," तो हळूच म्हणाला.

आतल्या खोलीच्या दारात गवंड्याची मुलगी उभी होती. तिने काचेला तडा गेलेला फोन पुढे केला. "मॅडम, माझा चालतोय. ही कंपनी आमच्याकडे कुणी घेत नाही, सगळे हसतात मला. पण कालच रिचार्ज मारलाय. पुरेल का एवढा?"

ताईने उरलेला डेटा पाहिला. "पुरेल."

तिने संगणक हॉटस्पॉटने त्या फोनला जोडला. स्कॅन किती टक्के गेलं तो आकडा शून्यावरच अडून राहिला. रेंज भिंतीजवळ यायची आणि जायची. वरच्या झरोक्याशी तेवढी टिकत होती. मुलगी स्टूल ओढून वर चढली, चवड्यांवर उभी राहिली आणि गजांमधून फोन धरलेला हात बाहेर काढला.

"सात," ताई म्हणाली. "नऊ."

"हात भरून येईल गं तुझा," भाऊ म्हणाला. "उतर, मी धरतो."

"नको. आधी जाऊ दे ते."

स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता. विक्रेता उठला. माहितीपत्रकं त्याने जमिनीवर ठेवली, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.