खिडकीबाईंचं पान

"कुलगुरूंचा फोटो खाली सरकवा," खिडकीबाई म्हणाल्या.

बैठकीत कुणाला तरी चहाचा ठसका लागला. कुलसचिवांनी दाराकडे पाहून घेतलं. दार बंद होतं.

"किती खाली?"

"पत्त्याच्याही खाली. सव्वीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसतेय, साहेब. कुलगुरू दिसतात कसे, असं अजून एकानंही विचारलेलं नाही."

विद्यापीठाचं संकेतस्थळ नव्यानं होत होतं. जुन्या पानावर एक कारंजं उडायचं, बोधवाक्य डावीकडून उजवीकडे धावायचं, आणि प्रवेशअर्ज कुठे आहे हे फक्त तो तिथे ठेवणाऱ्याला ठाऊक होतं. तो नोकरी सोडून गेला होता. लोकांना काय हवं असतं हे खिडकीबाईंना विचारावं, ही कल्पना कुलसचिवांची, आणि त्या कल्पनेवर ते बेहद्द खूश होते.

बाईंनी पान सोलायला घेतलं. सगळ्यात वर शोधायची चौकट. तिच्याखाली चार शब्द: प्रवेश, शुल्क, वेळापत्रक, निकाल. कुठेही जायला फार तर तीन टिचक्या. फोन नंबर असा, की पलीकडे कुणीतरी खरंच उचलेल. 'ज्ञानाचा अथांग सागर' त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला.

"सागर राहू दे. शेवटची तारीख लिहा. आणि वयाची अट नाही, हे ठळक. मध्ये शिक्षणात खंड पडला असेल तर कुठला कागद लागतो, तेही."

"एवढं कोण विचारतं, बाई?" संगणकवाले कुरकुरले.

"विचारतात हो."

जेवणाच्या सुट्टीत संगणकवाल्यांनी कुलसचिवांना बाजूला घेतलं. "साहेब, बाई आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतायत. सगळं पानावर आलं, तर खिडकीशी कोण कडमडणार?"

कुलसचिवांच्याही ते मनात होतं. खिडकीला काम नसलं की खिडकी बंद, आणि खिडकी बंद झाली की बाईंची जागा रद्द. नियमच तसा होता. त्यांनी बाईंना आडून आडून सुचवूनही पाहिलं.

"पान चांगलं व्हायला हवं ना, साहेब?" एवढंच म्हणून बाई वेळापत्रकातली चूक दाखवायला वळल्या.

अशी माणसं आता होत नाहीत, असं कुलसचिवांना वाटलं.

पान झळकलं. पहिल्या आठवड्यात खिडकीची रांग निम्म्यावर आली. तिसऱ्या आठवड्यात एकूण पाच जण आले, त्यातले दोघे स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला. अर्ज दुप्पट झाले. दोन विद्यापीठांची माणसं पान बघून, वह्या भरून गेली. कुलगुरू फोटोबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. तेवढं खाली ते गेलेच नसावेत.

मग आदेश निघाला. तो हातात द्यायला कुलसचिवांना दोन दिवस धीर होईना.

"बाई, तुमच्यामुळे विद्यापीठाचं नाव झालं," ते म्हणाले. "आणि खिडकी सोमवारपासून बंद. निवृत्तिवेतन पूर्ण मिळेल. पण माझ्या मनाला काही हे पटत नाही. मी तुम्हाला कुठेतरी बसवतो. ग्रंथालयात, अभिलेखागारात... तुम्ही म्हणाल तिथे."

बाईंनी आदेश सावकाश वाचला. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"पाच वर्षं स्वेच्छानिवृत्ती मागत होते, साहेब. दरवेळी तुमचाच शेरा: 'खिडकीवर दुसरं माणूस नाही, नामंजूर.'"

मग त्यांनी कुलसचिवांच्या टेबलावरचा संगणक आपल्याकडे वळवला, प्रथम वर्षाची प्रवेशयादी काढली आणि परत त्यांच्याकडे फिरवला. सातवं नाव खिडकीबाईंचं होतं.

"बसवायचंच असेल तर दुसऱ्या बाकावर बसवा," त्या म्हणाल्या. "पहिल्यावरून फळ्याकडे बघताना मान दुखते."