पाटावरचा नारळ

"दादा, सगळे माझ्या पायाशी बसून जेवतायत!"

मंगळावरच्या वसाहतीतून बहिणीचा, मृदुलाचा, निरोप आला, तेव्हा निरंजनला आपली चूक कळली. आयुष्यभर गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलेल्या त्या माणसाने, तिला पाठवायला घरची पंगत मुद्रित करतानाही, सवयीने दोन्ही माइक उंच स्टँडवर लावले होते. पंगत जमिनीवर बसते, हेच तो विसरला होता.

तिकडे मृदुला सहा महिन्यांत नऊ किलो उतरली होती. पाकिटातलं जेवण ती अर्ध्यावर टाकते, असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं होतं.

पुढच्या सणाला निरंजनने पंगतीत एक पाट जास्तीचा मांडला. त्यावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, न सोललेला नारळ बसवला आणि नारळाच्या दोन्ही अंगांना, कानांच्या जागी, एकेक माइक लावला.

"मी वाढताना तिच्याशी बोलणार आहे," त्याची बायको उज्ज्वला सगळ्यांना म्हणाली. "मधे कोणी हसायचं नाही."

दोन दिवसांनी मृदुलाने मंगळावर मांडी घातली, ताटलीत पाकीट ओतलं आणि हेडफोन लावला. डावीकडे काका मठ्ठा भुरकत होते, उजवीकडे कुणीतरी पापड मोडला. मग समोर, अगदी जवळ, बांगड्या वाजल्या.

"मृदुला, मोदक वाढू?"

"नको, नको, वहिनी!" मृदुलाने दोन्ही हात ताटलीवर आडवे धरले.

ध्वनिमुद्रणात वहिनी क्षणभर थांबली होती. तिच्या 'नको'ला लागतो, बरोबर तेवढाच वेळ.

"नको कसलं? एकाने काय होतंय!"

मृदुलाने निमूटपणे दुसरं पाकीट फोडलं.