चटणीची बाजू

तपासणीच्या वेळी माणसाच्या गुडघ्याभोवती बसवायच्या पिंजऱ्यात भुऱ्याचं डोकं नेमकं बसलं, तेव्हा विवेकनं टाळीच वाजवली. "क्या बात है! जसं माप घेऊनच केलं." गोंदियातल्या त्या एमआरआयच्या खोलीत आजवर कुत्रा आला नव्हता. रविवारी मशीन रिकामं होतं. ते चालवणाऱ्या विवेकनं सेंटरच्या मालकाची परवानगी काढली होती. विवेकचा शाळासोबती राजदीप हा कामठ्याचा गुरांचा डॉक्टर, आणि भुऱ्याला भूल देता देता तो स्वतःच घामाघूम झाला होता.

भुऱ्याला घेऊन आलेली मंदाबाई काचेच्या अलीकडे, त्याचा पट्टा मुठीत आवळून उभी होती. मशीन ठकठक करायला लागलं तसं तिचं काळीजही ठकठक करायला लागलं. बारा दिवसांपूर्वी भुऱ्या अंगणात कोलमडला. उठला तो उजवीकडेच गोल गोल फिरायला लागला, डावीकडच्या भिंतीवर आदळायला लागला. गावानं लगेच निकाल देऊन टाकला, पिसाळला म्हणून. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवस काढत नाही, हा पाणी पितो, माणसं ओळखतो, असं राजदीप घसा कोरडा करून सांगत होता. पण ऐकेल ते गाव कसलं! पोलीस पाटील भोजराज सकाळीच दारात येऊन बजावून गेला होता, "डॉक्टरचा कागद आना, नाई तं संध्याकाळी आमी काठ्या घेऊन येतो."

"आला, आला!" राजदीप ओरडला.

पडद्यावर भुऱ्याचा मेंदू होता, लिंबाएवढा. त्याच्या उजव्या अर्ध्यात चुन्याचं बोट पुसावं तसा पांढरा डाग.

"मावशी, हा लकवा आहे! कुत्र्याला लकवा! आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता मी." राजदीप नाचायचाच काय तो बाकी होता. विवेक फिल्म काढायला धावला. मंदाबाईला त्या डागातलं ओ की ठो कळलं नाही.

"मंग पिसाळला नाई ना?"

"नाही! आत्ता लिहून देतो."

तिनं पट्टा डोळ्यांना लावला. ती इतकी हसली, की रडते आहे हे तिला स्वतःलाही उशिरा कळलं.

दुपारपर्यंत भुऱ्याची भूल पुरती उतरली. मंदाबाईनं डब्यातला भात ताटलीत काढून त्याच्यापुढे ठेवला. उजवीकडचा अर्धा त्यानं चाटूनपुसून खाल्ला, डावीकडचा तसाच ठेवला आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसला.

"पाहा याचे नखरे! जसा मालक तसा कुत्रा," मंदाबाई म्हणाली. "आमचा बुढा बी लकवा झाल्यापासून असाच करते. रोज अर्धा भात टाकते. जवसाच्या चटणीवर जीव होता त्याचा, दोन सालापासून बोट नाई लावलं. मी रोज वाढतो अन् रोज उचलतो. मी वाटली ना, म्हणून! मी बी मंग बोलत नाई त्याच्याशी."

राजदीपचं हसू मावळलं. त्यानं ताटली अर्धी फिरवली. भुऱ्या दचकला, भात आत्ताच वाढल्यासारखा त्यावर तुटून पडला.

"नखरे नाहीत, मावशी. डोळे धड आहेत, पण डाग मेंदूच्या उजव्या अर्ध्यात आहे, म्हणून डावीकडे काही आहे हेच याच्या डोक्यात येत नाही. याच्यापुरतं ताट मध्येच संपतं." मग त्यानं हळूच विचारलं, "काकांची कुठली बाजू गेली?"

"डावी."

"आणि चटणी कुठं वाढता?"

"आता चटणी कुठं वाढतेत? डाव्या अंगालेच..." मंदाबाईचं वाक्य तिथंच तुटलं.

तिनं लगेच घरी फोन लावला. सुनेनं उचलला.

"रीता, मामाजी जेवले का?"

"नेहमीसारखे अर्धं टाकून बसले, आत्याबाई. ताट उचलून राहिली."

"उचलू नोको! फिरव!"

"काऊन?"

"फिरव म्हणतो ना, पोरी! चटणी उजवीकडे येऊ दे."

फोनमध्ये ताट फरशीवर घासल्याचा आवाज आला. राजदीप आणि विवेक कान देऊन उभे होते. भुऱ्याची लपलप तेवढी चालू होती.

"आत्याबाई!" रीता जवळजवळ किंचाळलीच. "खाऊन राहिले! चटणीची बोटं चाटून राहिले!"

"काही बोलले का?"

रीता जराशी अडखळली.

"म्हणतेत, बुढीचा राग गेला वाटते. दोन सालानं आज चटणी वाढली."