गाभ्यातली ओळ

ऑपरेटिंग सिस्टीमचा अख्खा गाभा तिने लिहिला आणि साहेबांनी प्रत्येक फाइलमधलं तिचं नाव पुसून स्वतःचं घातलं. जाब विचारायला गेली, तर म्हणाले, "रचना माझी. कोडची भाषा काय, कुणीही शिकतं."

स्वतः त्यांना त्या भाषेतली एक ओळ वाचता येत नव्हती. तिने डूख धरला. राजीनामा देण्याआधी मेमरी वाटणाऱ्या भागात तिने अशी एक ओळ घुसवली, की बरेच प्रोग्राम एकदम उघडले तर मशीन जागच्या जागी थिजावं.

सिस्टीम बाजारात आली त्या दिवशी ती मुद्दाम सभागृहात मागे जाऊन बसली. मंचावर साहेबांनी एकामागून एक प्रोग्राम उघडले. मशीन हूं की चूं न करता चालत राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर साहेब स्वतःहून तिच्यापाशी आले. "तू राजीनामा देऊन काही न बोलता गेलीस, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. मग या वयात भाषा शिकलो आणि तुझी ओळ न् ओळ वाचली. लिहितेस मात्र सुरेख."

ती जायला उठली.

"आणि तुझं नाव परत घातलंय."

"कुठे?"

"त्या एका ओळीवर. ओळ बंद केलीय, पण काढलेली नाही. आणि आजपासून सगळा गाभा जगाला वाचायला खुला केलाय."