मागं कुणी बसायचं नाय

“सोड तो पट्टा. परत बांधू,” खंडेराव म्हणाले, तेव्हा अर्चनाला वाटलं, गाडीची किल्ली त्यांच्यापुढे टाकावी आणि सरळ घरी निघून जावं.

पिकअपच्या हौद्यात भात भरडायची गिरणी ठेवली होती. सगळं बिडाचं धूड. बोईसरच्या भावेशने ती दुरुस्त करून विकली होती आणि आज सफाळ्याच्या बायकांच्या बचत गटाला पोचवायची होती. उतरवून घ्यायला तिकडे क्रेन येऊन उभी होती, आणि क्रेनवाल्याला दुपारी दुसरीकडे जायचं होतं. गटाच्या नवसीताईंचे फोनवर फोन येत होते. नवरा वीज प्रकल्पात कामाला लागल्यावर घरची गाडी नुसतीच उभी राहायला लागली, म्हणून अर्चनाने लायसन्स काढलं आणि गाडी हातात घेतली. एवढी जड खेप तिला पहिल्यांदाच मिळाली होती. स्टँडवरचे ड्रायव्हर अजून तिच्याकडे बघून हसायचे. आज वेळेवर पोचलं की त्यांची तोंडं बंद. आणि नेमके आजच सासरे खंडेराव म्हणाले, मी येतो बरोबर.

आल्यापासून त्यांनी छळ मांडला होता. गिरणी मागच्या फाळक्याजवळ ठेवलेली त्यांना चालेना. “मागं वजन गेलं की पुढची चाकं हलकी व्हत्यात. स्टेअरिंग ऐकत नाय,” म्हणून ती पुढे सरकवायला लावली. मग बुडाखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या. मग चारी कोपऱ्यांना आडवेतिडवे पट्टे. मग धारेवर पट्टा कापेल म्हणून मध्ये गोणपाटाच्या घड्या. एवढं झाल्यावर एक पट्टा पिळलेला दिसला, तर तो सोडा.

शेवटी भावेशही वैतागला. “काका, कशाला एवढा खटाटोप? माझी दोन माणसं मागे बसवतो ना. धरून बसतील.”

माणसं हौद्यात चढलीही. खंडेरावांनी दोघांना दंडाला धरून खाली उतरवलं.

“मागं कुणी बसायचं नाय,” एवढंच म्हणाले, आणि पुन्हा पट्ट्याला लागले.

एकदाची गाडी निघाली. उमरोळी यायच्या आधीच त्यांनी हात वर केला. “थांब जरा. पट्टे बघतो.”

“मामा, आत्ताच तर बांधलेत.”

“माल हलून बसतो. पट्टा सैल पडतो.”

पट्टा खरंच सैल पडला होता, याचा तर तिला जास्तच राग आला.

पालघर सोडलं तरी तेच. दर थोड्या वेळाने मान वळवून मागच्या काचेतून बघणं, आणि “जरा सावकाश.” गाडी आधीच इतकी सावकाश चालली होती, की मासळीच्या टोपल्या लादलेली एक रिक्षा त्यांना मागे टाकून पुढे गेली. त्यातल्या बाईने वळून बघितलं. अर्चनाने दात आवळले. मुलगा गाडी चालवायचा तेव्हा हा माणूस कधी शेजारी येऊन बसला नाही. त्याने कसं बांधलं, किती पळवली, कधी विचारलं नाही. सून चालवायला लागली आणि ह्यांना चाकं, पट्टे, पाचरी सगळं दिसायला लागलं.

सफाळ्याच्या रस्त्याला एका वळणावर पुढची रिक्षा प्रवासी घ्यायला मध्येच उभी राहिली. अर्चनाने कचकन ब्रेक दाबला. मागे पट्टे करकरले. गाडी रिक्षापासून हातभर अंतरावर थांबली. गिरणी तसूभर हलली नाही.

रिक्षा निघून गेली, तरी खंडेराव तसेच. दोन्ही पाय समोरच्या पत्र्याला रोवलेले, पाठ सीटमध्ये रुतवलेली, हात मागे ताणलेले. डोळे घट्ट मिटलेले.

अर्चनाने गाडी कडेला घेतली. “माझ्यावर एवढाच भरवसा नसेल तर तुम्हीच चालवा, मामा. नाहीतर मला तरी सुखाने चालवू द्या.”

त्यांनी डोळे उघडले. हात हळूहळू मांडीवर घेतले.

“मला कुठं येती गाडी? पुढं बसलोय तेच आज पहिल्यांदा.”

“म्हणजे?”

“मी हमाल. आमची जागा मागं. तवा आमच्या शेठकडं पट्टे नव्हते. मशीन चढवली की तिच्या पुढं आमाला बसवायचे. ब्रेक लागला की केबिनला पाय रोवायचे, आन् पाठीनं माल धरायचा.” ते काचेतून मागे बघत राहिले. “बबलू माझ्या शेजारी बसायचा. एकदा असाच ब्रेक लागला. मी उठलो. तो नाय उठला.”

तेवढ्यात फोन वाजला. नवसीताई सांगत होत्या, क्रेनवाला निघायचं म्हणतोय.

“जाऊ द्या त्याला,” अर्चना म्हणाली. “दुसरी क्रेन मी बघते. आम्ही सावकाश येतोय.”

ती खाली उतरली. गाडीला वळसा घालून तिने एकेक पट्टा ओढून पाहिला. एक किंचित सैल लागला, तो आवळला. पलीकडून खंडेराव येऊन उभे राहिले.

“माझ्यापायी उशीर झाला तुला,” ते म्हणाले.

“होऊ दे. हे पट्टे टिकतील ना, मामा?”

त्यांनी ताणलेल्या पट्ट्यावरून तळहात फिरवला.

“टिकत्याल. आन् तुटलेच, तर ह्यांची घरी कुणी वाट बघत नाय.”